मुलाकडची एकशे चाळीस माणसं

लग्नाला पंधरा दिवस उरले असताना डॉक्टर शशी करंबेळकरांना कळलं, की मुलाकडून सहा नव्हे, एकशे चाळीस माणसं येणार आहेत. बेसिंगस्टोकमधल्या त्या घरात ही बातमी फक्त त्यांनाच ठाऊक होती, कारण त्या एकशे चाळीस जणांना आमंत्रण त्यांनीच दिलं होतं.

शनिवारची सकाळ होती. त्यांच्या पत्नी सुप्रभाताई स्वयंपाकघरात रुखवतासाठी चिरोटे तळत होत्या आणि डॉक्टर लॅपटॉपसमोर बसून दहापासून उलटे अंक मोजत होते. ते भूलतज्ज्ञ. एकतीस वर्षं इथल्या हॉस्पिटलात त्यांनी हजारो पेशंटना दहापासून उलटं मोजायला लावलं होतं. नोकरी संपली, पण सवय राहिली. घाबरले की ते स्वतःच मोजायला लागत. पेशंट सातापर्यंतही पोचत नसत. डॉक्टर आज तिसऱ्यांदा शून्यापर्यंत पोचले होते आणि तरी टक्क जागे होते.

"अहो, काय पुटपुटताय?"

"काही नाही. नामस्मरण."

"तुम्ही?" सुप्रभाताईंनी झारा हातात धरूनच दारातून डोकावून पाहिलं. "बीपीची गोळी घेतलीत का आज?"

आता हे घडलं कसं ते आधी सांगायला हवं, नाहीतर तुम्ही डॉक्टरांना वेड्यात काढाल. डॉक्टर वेडे नव्हते, करंबेळकर होते. जगातले सगळे करंबेळकर एकाच मूळ पुरुषाचे वंशज, असं त्यांच्या लाल बांधणीच्या कुलवृत्तांतात पहिल्याच पानावर छापलेलं होतं. कुठेही करंबेळकर भेटला की तो आपला भाऊबंद, मग तो नागपूरचा असो की न्यूझीलंडचा. त्याला घरी जेवायला बोलवायचं आणि तो पाचव्या शाखेतला की सातव्या, हे मागचा भात वाढायच्या आत शोधून काढायचं. आडनाव एक म्हणजे घर एक, अशा समजुतीत त्यांनी अडुसष्ट वर्षं सुखाने काढली होती.

कुलवृत्तांताच्या दोनशे बाराव्या पानावर ते स्वतः होते. 'शशी विनायक, भूलतज्ज्ञ, इंग्लंड. पत्नी सुप्रभा. कन्या ईरा.' इतरांच्या पानांवर वंशवृक्षाच्या रेघा खाली खाली जात पुढच्या पानावर उतरायच्या. यांची रेघ ईरापाशी थांबायची, कारण मुलीच्या पुढे रेघ काढायची पद्धतच नव्हती. डॉक्टर हे कुणापाशी बोलत नसत. पण ते पान उघडलं की त्यांना फार वाईट वाटायचं, आणि ते पान ते बऱ्याचदा उघडायचे.

अशात पुण्याहून चुलतभाऊ परीक्षितने फॉर्म धाडला. कुलवृत्तांताची दुसरी आवृत्ती निघणार होती आणि 'कन्येचा विवाह' या सदराखाली रकाने होते: जावयाचं नाव, मूळ गाव, कुलदैवत, घराण्याचा पूर्वेतिहास. ईराचं लग्न ठरलं होतं रोनन गॅलहरशी. तिच्याच ऑफिसातला मुलगा. उंच, तांबड्या दाढीचा, आणि सुप्रभाताईंच्या हातची आमटी वाटीला तोंड लावून पिणारा, त्यामुळे घरात सगळ्यांना पसंत. एका रविवारी जेवणं झाल्यावर डॉक्टर फॉर्म घेऊन त्याच्यासमोर बसले. बोलणं अर्थात इंग्रजीत झालं. आपण ते मराठीत ऐकू.

"तुमचं मूळ गाव कोणतं?"

"कॉव्हेंट्री."

"त्याच्या आधी?"

"त्याच्या आधी आयर्लंड. आजोबा डोनेगलहून आले, गाड्यांच्या कारखान्यात लागले. बाबा मी लहान असतानाच गेले, त्यामुळे पुढचं कुणी सांगितलं नाही."

"बरं, कुलदैवत? म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या तुमच्याकडे भक्ती कुणाची?"

रोननने प्रामाणिकपणे विचार केला. "कॉव्हेंट्री सिटी," तो म्हणाला. "फुटबॉल क्लब आहे. पण फारसं पावत नाही."

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला आणि गॅलहरांचा इतिहास स्वतःच शोधायला घेतला. रिटायर्ड माणसाला काम मिळालं की तो ते पोटभर करतो. दहाव्या शतकात डोनेगलमध्ये गॅल्कोव्हर नावाचा मूळ पुरुष होऊन गेला, हे त्यांना सापडलं. त्याच्या नावात दोन शब्द, एक परक्यासाठी आणि एक मदतीसाठी. त्याचे वंशज पुढे ओडॉनेल सरदारांच्या फौजेचे सेनानी झाले, हे वाचून तर ते खुर्चीतून उठलेच. "सुप्रभा, घराणं लढवय्यं आहे बरं का!" "बरं झालं," त्या आतून म्हणाल्या, "ईराशी संसार करायचाय त्याला." मग दुष्काळ आले, दारिद्र्य आलं, गॅलहर बोटी भरभरून स्कॉटलंडला आणि इंग्लंडला आले, कुणी शेतांवर राबले, कुणी रस्ते खणले. नऊ पानं झाली. शेवटी एका ठिकाणी लिहिलं होतं, की गॅलहर हे आयर्लंडात फार मोठ्या संख्येने आढळणारं आडनाव आहे, डोनेगलमध्ये तर त्याचा पहिला नंबर लागतो, आणि ब्रिटनमध्येही ते हजारोंनी आहेत. डॉक्टरांनी या वाक्याखाली रेघ मारली. अर्थ मात्र त्यांनी करंबेळकरी लावला.

त्याच आठवड्यात ईराने मुलाकडची यादी आणली. रोननची आई बर्नडेट, बहीण, बहिणीचा नवरा, एक मावशी आणि दोन मित्र.

"सहा?" डॉक्टर म्हणाले. "हजारो भाऊबंद असताना मांडवात सहा माणसं? वेम्बलीहून तुझी वैजयंतीमावशी येणार. ती लगेच म्हणेल, मुलाकडच्यांचा विरोध दिसतोय."

ईराने फोन खाली ठेवला. ती इथेच वाढलेली, तिच्या मराठीत जवळपास सगळंच पुल्लिंगी असायचं. "बाबा, माझा लग्न आहे, कुलसंमेलन नाही. हॉलचा फायर लिमिट एकशे दहा आहे. आपले अठ्ठ्याण्णव, त्यांचे सहा. दॅट्स इट. एकशे अकरावा माणूस आला तर केअरटेकर सगळा थांबवणार."

"पण अगं..."

"केंब्रिजला काय झाला, आठवतं ना?"

आठवत होतं. ईराच्या पदवीदानाला पास दोनच होते आणि डॉक्टरांनी मिनीबस करून अकरा नातेवाईक नेले होते. नऊ जणांनी कॉलेजच्या गेटाबाहेर हिरवळीवर डबे उघडले आणि हिरवळीवर पाय ठेवू नये ही पाटी वैजयंतीमावशीच्या सतरंजीखाली सापडली. ईरा त्यानंतर आठवडाभर बापाशी बोलली नव्हती.

"या वेळी काही सरप्राइज केलात ना," ती शांतपणे म्हणाली, "तर मी हॉल कॅन्सल करणार. आम्ही रजिस्ट्री ऑफिसला जाऊ. तिथे दोनच विटनेस लागतात आणि त्यात तुम्ही नसाल. प्रॉमिस करा."

डॉक्टरांनी प्रॉमिस केलं, आणि अगदी मनापासून केलं. ईरा बोलते ते करते, हे त्यांना तिच्या तिसऱ्या वर्षापासून माहीत होतं. एकुलत्या एक मुलीच्या लग्नाला आपण नसू, या नुसत्या कल्पनेने ते दहापासून मोजायला लागले.

मग चार दिवसांनी त्यांना इंटरनेटवर गॅलहर मंडळींचा एक ग्रुप सापडला.

आता डॉक्टरांची बाजू ऐका. करंबेळकरांचाही ग्रुप होता, चारशे बारा माणसांचा. त्यावर लग्नाचं, मुंजीचं, कसलंही आमंत्रण टाकलं की दोघं जण हात जोडायचे, एक जण चुकून दुसऱ्याच कुणाला श्रद्धांजली वाहायचा, आणि येत कुणीच नसे. आमंत्रण देणं आणि माणूस येणं यांचा संबंधच नव्हता. आमंत्रण द्यायचं ते मानाचं. तेव्हा भाऊबंदांना मान द्यावा, कुणी येणार नाही, प्रॉमिसही मोडणार नाही, असा साधा विचार करून त्यांनी झकास इंग्रजीत लिहिलं, की आमची कन्या ईरा आणि आपल्या कुळातले चिरंजीव रोनन यांच्या विवाहाला समस्त गॅलहर बंधुभगिनींनी सहकुटुंब, सहपरिवार येऊन आशीर्वाद द्यावेत. खाली तारीख, हॉलचा पत्ता आणि येणाऱ्यांनी नावं भरायची एक यादी. यादीचं त्यांना परीक्षितने शिकवलं होतं.

गॅलहरांना हात जोडायची पद्धत माहीत नव्हती. त्यांना लग्नाला बोलावलं की ते येतात.

तर त्या शनिवारी डॉक्टर चौथ्यांदा दहावर आले आणि फोन वाजला.

"डॉक्टर? मी पॅट गॅलहर, ल्यूटनहून बोलतेय. ग्रुप मीच चालवते. तुमचं आमंत्रण वाचून मी रडले. सत्तर वर्षांत मला कुणी 'सगळ्या घरादारासकट या' म्हटलं नव्हतं."

"नाही, म्हणजे... आनंद आहे..."

"आम्ही कोच बस ठरवलीय. एकीत मावत नाही म्हणून दोन. मी नवी हॅटसुद्धा घेतली. पिसांची!"

फोन ठेवून डॉक्टर वळले तर सुप्रभाताई चिरोट्यांची बशी घेऊन मागे उभ्या. त्यांची नजर लॅपटॉपवर होती.

"अहो, हे एकशे चाळीस काय? बीपी?"

डॉक्टरांनी लॅपटॉप मिटला.

"वरचं की खालचं?"

मग डॉक्टरांना सगळं सांगावंच लागलं. सांगताना त्यांनी दोन चिरोटे खाल्ले, त्यांची चव काही कळली नाही. सुप्रभाताई खुर्चीत बसल्या.

"ईराला सांगा. आत्ता, या मिनिटाला."

"ती रजिस्ट्री ऑफिसला जाईल गं. मी नसेन तिच्या लग्नात."

"तुम्ही? मी काय केलंय? दोन विटनेस म्हणाली ना ती, मग मीही नाही त्यात!" सुप्रभाताईंचा आवाज चढला, मग खाली आला. "बरं. यांच्यात रोननचे खरे नातेवाईक असून असून किती असतील? चार? पाच? तेवढे बसतात आपल्या हॉलमध्ये. बाकीच्यांना हात जोडून नाही म्हणा."

तोडगा शहाणपणाचा होता. डॉक्टरांनी ग्रुपवर लिहिलं, की जागेच्या अडचणीमुळे फक्त रोननच्या शाखेतल्यांनाच बोलावता येईल, तरी प्रत्येकाने आजोबांचं नाव आणि गाव कळवावं. आपण भलत्याच माणसांना वंशावळ विचारली, हे त्यांना दुसऱ्या दिवशी कळलं. लोक कसली नावं कळवताहेत! लोकांनी वंशवृक्ष पाठवले, चर्चमधले दाखले पाठवले, बोटीची तिकिटं पाठवली. ग्लासगोच्या एकाने आजोबांच्या थडग्याचा फोटो पाठवला, त्यात शेजारी तो स्वतः अंगठा वर करून उभा. रोननचे आजोबा ह्यू, पणजोबा मेनस, हे डॉक्टरांनी बर्नडेटबाईंकडून 'फॉर्मसाठी' म्हणून काढून घेतलं होतं. यादीत ह्यू नावाचे आजोबा एकोणतीस निघाले.

"डोनेगलमध्ये एवढे गॅलहर आहेत ना," पॅटबाईंनी फोनवर समजावलं, "की नुसत्या नावाने पत्ताच लागत नाही. मग बापाचं नाव लावायचं, त्याच्या बापाचं लावायचं. तुमच्या व्याह्यांचा ह्यू कुणाचा?"

"मेनसचा. गाव ग्वीडोर." डॉक्टरांचा चेहरा उजळला. फोनवर हात ठेवून ते ओरडले, "सुप्रभा, अगदी आपल्यासारखं गं! शशी विनायक नारायण!"

"आधी नाही म्हणा त्यांना!"

तीन दिवस डॉक्टर वंशवृक्ष लावत बसले होते, आणि खरं सांगायचं तर धाबं दणाणलेलं असूनही त्यांना मजा येत होती. पण ग्वीडोरच्या मेनसचा ह्यू एकाकडेही निघेना. एकशे चाळीस गॅलहर, आणि रोननचा नातेवाईक एकही नाही. आडनाव एक म्हणजे घर एक, हे इथे चालत नव्हतं. हा तर गावंच्या गावं भरून राहिलेला समाज होता. बुधवारी त्यांनी प्रत्येकाला वेगळं, नावानिशी दिलगिरीचं पत्र लिहायला घेतलं. सुप्रभाताई नावं वाचत होत्या.

"पुढचा, रोनन गॅलहर. अधिक एक."

"हा यादीतला चौथा रोनन. आजोबा?"

"लिहिलेच नाहीत. नुसतं लिहिलंय, 'आनंदाने येईन, मी तर असणारच.' अहो, हा बेसिंगस्टोकचाच आहे. इतका जवळचा, बिचारा."

"जवळचा असून आजोबांचं नाव लिहायचं कळत नाही? थडग्यासकट फोटो पाठवले लोकांनी. नियम तो नियम. काट त्याला."

सुप्रभाताईंनी काटलं. संध्याकाळी पाचला शेवटचं पत्र गेलं, यादी रिकामी झाली, आणि डॉक्टरांनी कित्येक दिवसांत पहिल्यांदा चहा चवीने प्यायला. सुटलो, असं ते मोठ्याने म्हणाले.

शुक्रवारी संध्याकाळी ईरा आणि रोनन आले. ईराने पर्समधून एक कागद काढला, चष्मा लावला आणि उभ्या उभ्याच वाचायला सुरुवात केली.

"'प्रिय रोनन, आपण आमच्या जावयाच्या शाखेतले नसल्याचे आढळून आल्यामुळे ईरा आणि रोनन यांच्या विवाहास आपल्याला बोलावता येत नाही, याचे आम्हाला अतिशय दुःख होत आहे. विवाहाचे फोटो अवश्य पाठवू. आपला, डॉक्टर शशी करंबेळकर.'"

स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली.

"फोटो नक्की पाठवाल ना?" रोननने विचारलं.

डॉक्टर दहापासून मोजायला लागले. नऊ, आठ. सात म्हणायच्या आत मटकन सोफ्यावर बसले.

"आमच्या ऑफिसात अजून दोन गॅलहर आहेत," ईरा म्हणाली. "एक त्या ग्रुपवर आहे. तिने इन्व्हिटेशन रोननला फॉरवर्ड केला. नऊ दिवस झाले, बाबा. रोननने त्या लिस्टमध्ये नाव टाकला, म्हणजे तुम्हाला कळेल, की आम्हाला कळला आहे. नऊ दिवस मी वेट करते, की बाबा आता फोन करतील, आता सांगतील." तिने चष्मा काढला. "गेस्ट्सचा जाऊ दे. तुम्ही मला सांगितलं नाही."

डॉक्टरांना मान वर करवेना. जन्मात इतकी लाज त्यांना कधी वाटली नव्हती. "चुकलो, बेटा," ते म्हणाले. "तू म्हणशील ते कबूल. हॉल... हॉल कॅन्सल केलास?"

"काल करणार होते. फोन हातात होता. तेवढ्यात हा लेटर आला." ईराने कागदाकडे पाहिलं आणि तिचे ओठ हलले. "रोनन डेस्कखाली बसला होता, बाबा. हसून हसून. मला वाटला त्याला काहीतरी झाला. मग मी वाचला." ती खुर्चीत बसली आणि तिला पुन्हा हसू फुटलं, डोळ्यांत पाणी असतानाच. "तुम्ही नवऱ्यामुलाला रिजेक्ट केलात! इतका हसल्यावर नीट रागावताच येत नाही!"

सुप्रभाताईंनी पदर तोंडाला लावला. "मी म्हणत होते, जवळचा आहे," त्या कशाबशा म्हणाल्या.

"एक बोलायचं होतं," रोनन म्हणाला. त्याने दाढी खाजवली. "दुसऱ्या रोनन गॅलहरांच्या दातांच्या अपॉइंटमेंटा मला जन्मभर येताहेत. एकदा तर मी भलत्याच रोननच्या नोकरीचा इंटरव्ह्यू देऊन आलो, आणि निवडही झाली त्याची. चालायचं. पण स्वतःच्या लग्नाला माझी जागा नाही म्हणजे फार झालं. डॉक्टर, या देशात करंबेळकर किती आहेत?"

"मुलंबाळं धरून एकतीस." हे त्यांना भूल दिल्यावरही सांगता आलं असतं.

"त्यात रोनन?"

"एकही नाही."

"मग मी करंबेळकर होतो. चालेल ना? आईला विचारलंय. ती म्हणाली, खुशाल हो, जगात गॅलहर काही कमी पडत नाहीत."

डॉक्टर उठले आणि आतल्या खोलीत गेले. सुप्रभाताई मागोमाग गेल्या, तर ते लाल कुलवृत्तांत उघडून बसलेले. दोनशे बाराव्या पानावर, ईराच्या नावाखाली, त्यांनी पेन्सिलीने एक बारीक रेघ काढली होती आणि चष्मा काढून डोळे पुसत होते. त्यांना झालेला आनंद त्यांच्या छातीत मावत नव्हता. सुप्रभाताईंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "पुरे. बाहेर चला, पोरं उपाशी आहेत," त्या म्हणाल्या. डॉक्टरांनी जाताना गॅलहरांच्या इतिहासाची नऊ पानं बरोबर घेतली आणि रोननच्या हातात दिली. आमटी निवेपर्यंत तो ती वाचत होता. "सेनानी?" तो मध्येच म्हणाला. "आम्ही?"

दुसऱ्या दिवशी पुण्याला फोन गेला.

"दादा, जावईच आपल्या आडनावाचा?" परीक्षित गोंधळला. "असा रकाना नाही फॉर्मात. समितीची बैठक बोलवावी लागेल."

"बोलव. आणि चहाबरोबर काहीतरी गोड मागव, माझ्यातर्फे."

ईराची मात्र एक अट होती. पॅटबाईंची माफी मागायची, आणि पत्राने नाही, फोनवर. डॉक्टरांनी फोन लावला, झाला प्रकार पहिल्यापासून सांगितला, रोननला काटलं तेही सांगितलं, तो करंबेळकर होतोय तेही सांगून टाकलं.

"दुकानवाले हॅट परत घेत नाहीत, डॉक्टर," पॅटबाई म्हणाल्या. "पिसं आहेत ना तिला." मग थोडं थांबून, "म्हणजे आमचा एक मुलगा तुम्ही घेऊन चाललात." आणि फोन ठेवला.

हे वाक्य डॉक्टरांच्या मनाला लागून राहिलं. लग्नाच्या दिवशी शेरवानीत अवघडून उभे असतानाही त्यांना ते आठवत होतं. बाकी सगळं दृष्ट लागावी असं चाललं होतं. अंतरपाट दूर झाला, अक्षता पडल्या, केअरटेकरने दोनदा डोकी मोजली, एकशे चार. वैजयंतीमावशींनी मुलाकडच्या सहा जणांकडे निरखून पाहिलं आणि म्हणाल्या, "मंडळी थोडी आहेत, पण किती समंजस!" विरोधाचं नावही कुणी काढलं नाही. जेवणं झाली. आता निघायची वेळ, तेव्हा ईरा नऊवारी सावरत डॉक्टरांपाशी आली आणि तिने त्यांचा हात धरला.

"बाबा, बाहेर चला. एक सरप्राइज आहे. माझा."

हॉलच्या दारात डॉक्टर थबकले. समोरच्या मोकळ्या हिरवळीवर दोन कोच उभ्या होत्या. घडीच्या खुर्च्या मांडलेल्या, सँडविचचे डबे उघडलेले, एक म्हातारा फिडल, म्हणजे आपलं व्हायोलिन, जुळवत होता. तांबडी, पांढरी, टकली, शंभरावर डोकी त्यांच्याकडे वळली आणि सगळ्यांनी एकदम हात हलवले. ग्लासगोवाल्याने अंगठा वर केला. सगळ्यांच्या पुढे हिरव्या पिसांची हॅट.

"फायर लिमिट आतला आहे," ईरा म्हणाली. "बाहेरचा नाही. मी आधी विचारला केअरटेकरला. आणि यांना पाठवणी म्हणजे काय ते समजावला."

"अगं, पण पाठवणी तर मुलीची..."

"मुलगा तुमच्या घरात येतोय ना, डॉक्टर?" पॅटबाई येऊन उभ्या राहिल्या. "मग पाठवणी आमच्याकडून. माणसं कमी पडायला नकोत म्हणून सगळेच आलो. जेवण आमचं आम्ही आणलंय, काळजी करू नका."

डॉक्टरांनी हात जोडले, आणि या वेळी जोडलेल्या हातांसमोर खरोखरच माणसं होती. बर्नडेटबाई आधीच फिडलपाशी जाऊन कुणाकुणाला मिठ्या मारत होत्या. रोनन पुढे झाला आणि एकेक गॅलहर त्याला कुशीत घेऊन, पाठ थोपटून, नाक ओढत बाजूला होऊ लागला. डॉक्टर मोजायला लागले, या खेपेला एकापासून सरळ, पण मुलं सारखी इकडून तिकडे पळत होती आणि साठाच्या पुढे हिशेब चुकला. त्यांनी तो सोडून दिला.

शेवटी पॅटबाईंनी रोननला घट्ट धरलं, त्याची कॉलर नीट केली, आणि रुमालाने डोळे टिपत सुप्रभाताईंचे दोन्ही हात हातात घेतले.

"सांभाळा आमच्या पोराला," त्या म्हणाल्या. "भोळा आहे. आणि मश्रूम देऊ नका त्याला, लहानपणापासून त्याला मश्रूम चालत नाहीत."

"नाही देणार," सुप्रभाताई म्हणाल्या आणि त्यांनाही रडू आलं.

पॅटबाई आणि रोनन यांची ओळख होऊन तीन मिनिटं झाली होती. दुपारीच दोनदा मश्रूम पुलाव वाढून घेतलेला रोनन आज्ञाधारकपणे मान हलवत उभा राहिला.